फोटोखाली कॅमेऱ्याचे नाव नको, उभे राहण्याची जागा छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेली छायाचित्रे छापून येतात, याचा हौशी छायाचित्रकारांना मोठा आधार आहे. त्याबाबत एक सूचना करायची आहे. फोटोखाली सध्या वाचकाचे नाव, गाव आणि कॅमेऱ्याचे किंवा फोनचे मॉडेल असते. नवशिक्या वाचक त्यातून एवढाच अर्थ काढतो की अमुक फोन घेतला की असा फोटो येतो. त्याला कळायला हवे ते वेगळेच आहे. काढणारा कुठे उभा होता, विषयापासून किती पावलांवर होता, किती वाजले होते, चौकटीबाहेर त्याने काय ठेवले? दोन ओळींत मावणारी ही माहिती आहे. ती छापावी असा आमचा आग्रह का, ते जरा सविस्तर लिहितो.

हौशी माणसाचे फोटो पहिल्या वर्षात भराभर सुधारतात आणि मग एका पातळीला येऊन अडतात. आता काय, तर नवा कॅमेरा. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली किट लेन्स जाऊन महागडी लेन्स येते, पार्श्वभूमी छान धूसर होते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच कंटाळा. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस ही कामे आजकाल कॅमेरा स्वतःच बरी करतो. पाय उचलून दुसऱ्या जागी जाऊन उभे राहणे मात्र त्याच्या हातात नाही. ज्याला आपण रचना म्हणतो ती तिथून सुरू होते, आणि तिच्यामागे अगदी शाळेतले गणित आहे.

समजा, देवळाच्या आवारात आजोबांचा फोटो काढायचा आहे आणि त्यांच्या मागे २० मीटरवर दीपमाळ आहे. फोनच्या मुख्य लेन्सने २ मीटरवरून काढला तर आजोबा नीट येतात, पण दीपमाळ काडीएवढी दिसते. आता ४ मीटर मागे या, म्हणजे अंतर ६ मीटर झाले, आणि तिप्पट झूम करून आजोबांना पहिल्याएवढेच घ्या. दीपमाळ अडीच पट मोठी झालेली दिसेल. पहिल्यांदा ती आजोबांच्या ११ पट लांब होती, २२ मीटर आणि २ मीटर. आता २६ आणि ६, म्हणजे जेमतेम सव्वाचार पट. लोक याचे श्रेय झूमला देतात, पण झूमने फक्त चौकट आवळली. दीपमाळ मोठी केली ती मागे सरकण्याने. जागेवर उभे राहून झूम फिरवणाऱ्याच्या फोटोत आजोबा आणि दीपमाळ एकाच प्रमाणात वाढतात, त्यांचे आपसातले नाते जसेच्या तसे राहते. इथे एक खबरदारी घ्यावी. फोनला लांबचे जवळ आणणारी वेगळी टेलिलेन्स नसेल तर तिप्पट झूम म्हणजे नुसती कात्री. १२ मेगापिक्सेलपैकी नववा हिस्सा उरतो, सव्वा-दीड मेगापिक्सेलच्या आत. मोबाइलवर पाहायला तो चालतो, भिंतीवर लावायला नाही.

चेहऱ्याचेही तेच. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर १२ सें.मी. धरले आणि फोन नाकापासून ४० सें.मी.वर असला, तर कान ५२ सें.मी.वर पडतो. नाक त्याच्या खऱ्या प्रमाणापेक्षा ३० टक्के मोठे दिसणारच. दीड मीटरवर गेलात की हा फरक ८ टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची तक्रार फोटोग्राफर दोन पावले मागे गेला की संपते.

उंचीचा विचार तर फारच थोडे लोक करतात. मोकळ्या मैदानात किंवा समुद्रावर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. म्हणून आपल्याच उंचीच्या माणसाचा फोटो डोळ्याला कॅमेरा लावून काढला की क्षितिज त्याच्या डोळ्यांतून जाते आणि कॅमेरा हनुवटीशी आला की नेमके मानेवरून, सुरी फिरवल्यासारखे. गुडघे वाकवून कॅमेरा कमरेच्या पातळीला आणा. रेषा कमरेवर उतरते, डोके आणि खांदे मोकळ्या आभाळावर येतात. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला तर मागे आभाळ येत नाही, सगळी वाळूच येते. त्याचे कारण हेच. बाजारात उलटे करावे लागते. उभ्या उंचीवरून गर्दीतली माणसे एकमेकांवर चढतात, एकाच्या खांद्यातून दुसऱ्याचे डोके उगवते. एखाद्या ओट्यावर किंवा पायरीवर चढून मीटरभर वर गेलात की तीच माणसे सुटी होतात आणि त्यांच्यामधली जमीन दिसू लागते. त्या दिसणाऱ्या जमिनीमुळेच फोटोत श्वास येतो.

आता कडांविषयी. फोटो बिघडतो तो बहुतेक कडांवर, कारण काढताना नजर मधल्या माणसावर खिळलेली असते. बटण दाबण्याआधी एकदा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून घड्याळाच्या काट्यासारखी चारही कडांवरून नजर फिरवावी. दोन सेकंद लागतात. अर्धी चप्पल, कुणाचे कोपर, दुचाकीचे हँडल, प्लास्टिकची पांढरी पिशवी, विजेची तार हे सगळे तिथेच सापडते. कोपऱ्यातला पांढरा ठिपका सर्वांत वाईट, कारण डोळा आधी उजेडाकडे धावतो. उपाय बहुधा अर्ध्या पावलाचा असतो. डावीकडे सरकले की खांब डोक्यामागून निघून जातो, खाली बसले की पिशवी पुढच्या टोपलीआड लपते. माणूस कापायचाच झाला तर सांध्यावर कापू नये. मनगट, गुडघा, घोटा इथे चौकट संपली की अवयव तुटल्यासारखा वाटतो; मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर संपवली तर खटकत नाही. आणि दोन आकार एकमेकांना नुसते टेकू देऊ नयेत. पगडीचे टोक कळसाला चिकटले की दोघांची खोली जाते. एकतर मध्ये बोटभर फट ठेवा, नाहीतर सरळ एकावर एक येऊ द्या.

क्षितिज वाकडे आले तर नंतर सरळ करू, असे सगळेच म्हणतात. ३:२ प्रमाणाच्या फोटोत फक्त ३ अंशांचा कल काढला तरी तेच प्रमाण राखताना सुमारे १४ टक्के फोटो कापला जातो, आणि तोही कडांवरचा, जिथे आपण काळजीने जागा सोडलेली असते. कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये ग्रिड असते, ती कायमची चालू ठेवावी.

ग्रिडवरून तृतीयांशाच्या नियमाची आठवण झाली. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करून विषय रेषांच्या छेदावर ठेवावा, हे प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. सवय मोडायला तो ठीक आहे, कारण त्याने विषय मधोमध ठेवण्याची खोड जाते. पण वर्षभरानंतरही तोच धरून बसणाऱ्यांचे फोटो एका साच्यातले दिसतात. विषय बाजूला नेला की उरलेल्या दोन भागांत काहीतरी हवे, चालणाऱ्याला पुढची वाट, पाहणाऱ्याला समोरचे काही. तसे काही नसेल तर ती नुसती रिकामी जागा. समोरासमोरच्या दीपमाळा, मधला दरवाजा, वाड्याचा चौक अशा विषयांना मध्यच शोभतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम केले. १२० च्या फिल्मवर १२ चौकोनी फोटो देणारा तो कॅमेरा, काच वरून पाहायची, पोटाशी धरायचा. चौकोनात तृतीयांशाची ओढ कमी होते आणि आकारांचे वजन तोलावे लागते. फोनमध्ये १:१ चा पर्याय असतोच. एक आठवडा फक्त त्यावर काढून पाहावे.

सरावाचे म्हणाल तर आमचे मत ठाम आहे. एक महिना, एक लेन्स, एक जागा. १८-५५ मि.मी.ची किट लेन्स असेल तर झूमची रिंग ३५ वर आणून मायक्रोपोअरची पट्टी लावून टाका. सेलोटेपने चिकट डाग राहतो. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) साधारण ५२ मि.मी.इतका कोन. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मि.मी. लेन्सवर केले. एकच कोन डोळ्यात इतका भिनला पाहिजे की कॅमेरा उचलण्याआधीच चौकट दिसावी. फोनवाल्यांनी मुख्य लेन्स किंवा २ एक्स यांपैकी एकच ठरवावे आणि चिमटीने झूम करणे बंद ठेवावे. दर फेरीला फक्त ३६ फोटो, जुन्या रोलइतके. ३६ संपले की कॅमेरा बंद. पहिल्या आठवड्यात २० मिनिटांत संपतात आणि घरी आल्यावर त्यात तेच तेच सापडते. चौथ्या आठवड्यात तासाभरात १५ उरलेले असतात. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

जागा म्हणून आठवडी बाजार उत्तम, कारण दर आठवड्याला तीच माणसे त्याच जागी बसतात आणि उजेड मात्र बदलतो. ३५ मि.मी., एफ ८ (लेन्सचे छिद्र बरेच लहान) आणि ४ मीटरवर हाताने लावलेला फोकस, एवढे केले की एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधारण २.६ मीटरपासून ८.४ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट येते. मग ऑटोफोकसची वाट पाहावी लागत नाही. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर तराजूवरचा हात पुसट येतो. त्यासाठी सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करायला घाबरू नये.

बाजारातली खरी अडचण ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवालीचा चेहरा निळसर, आजारी दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाच्या रंगाची झाक आपोआप काढणाऱ्या सोयीला) ते पुरते सावरत नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूवर निळा आणि दुसऱ्या बाजूवर बाहेरचा पांढरा उजेड असतो. एक सुधारले की दुसरे पिवळे पडते. लाल किंवा केशरी छत्रीखाली टोमॅटो रसरशीत दिसतात, पण मेथी-कोथिंबीर मातकट होते. यावर सॉफ्टवेअरने डोके फोडण्यात अर्थ नाही. त्या बाईंना उठवू नका, तुम्ही सरका. ताडपत्रीच्या कडेला, जिथे बाहेरचा मोकळा उजेड आत येतो, त्या बाजूला त्यांचे तोंड कधी वळते ते पाहा. गिऱ्हाईक बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे पैसे घेताना चेहरा आपोआप उजेडाकडे फिरतो. त्या एका क्षणासाठी थांबायचे. पहिला फोटो काढण्याआधी पावशेर मिरच्या विकत घेऊन चार शब्द बोललेले बरे, आणि कुणी ‘नको’ म्हटले तर नको. पुढच्या आठवड्यात ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन दिली की बाजारात तुमची ओळख होते.

आता गर्दीच्या आणि रंगाच्या मोठ्या प्रसंगाकडे येतो, कारण वाचकांचे सर्वाधिक फोटो अशा प्रसंगांचे असतात. जेजुरी घ्या. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो, आणि त्याच दिवशी शेकडो फोटो एकाच दोषाने फसतात. पिवळ्याचा सपाट डाग येतो, त्यात भुकटीचा पोतच नसतो. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलचा बनतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनल जवळजवळ भरलेले, निळा रिकामा. उन्हात लाल चॅनल आधी ओसंडतो, पण नेहमीचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्हींचा मिळून असल्याने ‘सगळे ठीक’ म्हणून दाखवतो. मेन्यूत जाऊन तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, एक्स्पोजर उणे ०.७ वर आणा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. एवढा पिवळा पाहून कॅमेरा त्याला उतारा म्हणून निळा मिसळतो आणि भंडारा फिका, राखाडी पडतो. ‘डेलाइट’ला, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनला बांधून टाका. फोनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढा.

पण सेटिंगपेक्षा जागा महत्त्वाची, ती इथेही. पायऱ्यांच्या खाली उभे राहून वर पाहत काढले तर भंडाऱ्यामागे पांढरे आभाळ येते आणि पिवळा त्यात विरतो. तटाच्या काळ्या दगडाची सावलीतली बाजू जिथे मागे येईल अशी जागा हेरावी आणि सूर्य भंडाऱ्याच्या पलीकडे, किंचित बाजूला असावा. मागून उजेड पडला की उधळलेली एकेक मूठ आतून पेटल्यासारखी दिसते. हे सकाळी ऊन तिरपे असेपर्यंतच जमते. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर आला की सगळे सपाट. १/१००० ला भंडाऱ्याचे कण आणि उडणारे खोबऱ्याचे तुकडे हवेत थिजतात. १/१२५ ला त्यांच्या रेघा उमटतात आणि उधळण्याचा जोर जाणवतो. दोन्ही काढून पाहावे, आमची पसंती रेघांना, मात्र एक तरी चेहरा स्थिर हवा. फोनमध्ये एचडीआर चालू असेल तर तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलत्या भंडाऱ्याचे दुहेरी ठसे उमटू शकतात. पर्याय असेल तर बंद करावा.

भंडारा कॅमेऱ्याचा शत्रू आहे, हेही सांगायला हवे. झूम लेन्स पुढे-मागे होताना भात्यासारखी हवा आत ओढते, तिच्याबरोबर भुकटी जाते. म्हणून तिथे झूम फिरवायचा नाही, लेन्स तर अजिबात बदलायची नाही. पुढे साधा यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी, आणि लेन्स हुडभोवती रबरबँड. काचेपुढचे प्लास्टिक कापून टाकायचे, नाहीतर फोटोत धुके येते. परत आल्यावर हात आधी कापडाकडे जातो, तो आवरावा. ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश, आणि सर्वांत शेवटी कापड. आधी पुसले की हळद काचेवर सारवली जाते आणि तिच्यातला कचरा काचेवर ओरखडे काढतो.

पंढरीच्या वारीत अडचण उलटी असते. चौकटभर पांढरे सदरे-टोप्या आल्या की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्यांना मधल्या करड्यावर आणू पाहतो आणि वारकरी मळकट दिसतात. अधिक ०.७ ते १ द्यावे. पावसात भिजलेला काळा कातळ किंवा किल्ल्याची तटबंदी असेल तर उणे ०.७, नाहीतर काळ्याचा करडा होतो आणि पावसाचा गहिरेपणाच जातो. पाऊस दिसायला हवा असेल तर मागे काळोख हवा आणि उजेड पावसाच्या पलीकडून किंवा बाजूने. १/६० च्या आसपास धारांच्या रेघा येतात. ओल्या पानांवरची पांढरी चमक पोलरायझर फिल्टरने जाते आणि हिरवा रंग खुलतो, मात्र दीड-दोन स्टॉप उजेड खर्च होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नये, काच धुरकटते. बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा. आणि दमट महिन्यांत लेन्स चामड्याच्या किंवा कापडी कव्हरमध्ये कपाटात ठेवून विसरू नये, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल, निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे, एवढे पुरते.

काढण्याइतकेच निवडणे कठीण. त्याच संध्याकाळी निवड करू नये. घामाची, गर्दीची, धावपळीची आठवण ताजी असते आणि तीच फोटोत दिसते. पाहणाऱ्याला ती दिसत नाही. चार-आठ दिवसांनी ३६ फोटो एकत्र, लहान आकारात, टपाल तिकिटाएवढे पाहावेत. त्या आकारात जो वाचता येतो त्याची रचना पक्की. मग फोटो उलटा करावा, डोके खाली. माणूस, देऊळ, झाड ही नावे गळून पडतात आणि नुसते काळे-पांढरे आकार उरतात. कोणता कोपरा जड झाला ते लगेच कळते. डोळे बारीक करून पाहिले की सर्वांत उजळ जागा कोणती ते कळते. ती विषयावर नसेल तर का नाही, हे स्वतःला विचारावे. ३६ मधून ३ ठेवावेत आणि त्या तिघांशेजारी नाकारलेला एकेक सख्खा शेजारी ठेवून दोघांतला फरक एका वाक्यात वहीत लिहावा. ‘अर्धे पाऊल उजवीकडे, खांब सुटला.’ ‘हात खाली गेल्यावर काढला, उशीर.’ तीन महिन्यांनी ती वही उघडली की आपण नेमके कुठे चुकतो ते आपल्याच अक्षरात सापडते. कुणाची सवय लवकर बटण दाबण्याची असते, कुणाची फार लांब उभे राहण्याची.

या वहीसारखेच काम आपली पुरवणी करू शकेल. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली, पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली त्याला तेव्हा १५ वर्षेच झाली होती. म्हणजे छायाचित्रांवर एकत्र बसून बोलण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. दर रविवारी एका फोटोशेजारी त्याच फेरीतला नाकारलेला फोटो लहान आकारात छापावा आणि खाली अंतर, उंची, वेळ व एक वाक्य द्यावे. जागा वाढवायला नको, सहा फोटोंऐवजी चार छापले तरी चालेल.

आणखी दोन विनंत्या पानाच्या मांडणीबद्दल. फोनचा ४:३ चा फोटो १६:९ च्या पट्टीत बसवला की त्याचा बरोबर चौथा हिस्सा कापला जातो, बहुधा वरचे आभाळ आणि खालचे पाय. वाचकाने कडा सांभाळायला शिकावे असे वाटत असेल तर त्या कडा छापल्याही पाहिजेत. पट्टीतच बसवायचा असेल तर आधी कळवावे, म्हणजे तो तसा काढून पाठवेल. दुसरे, फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवावेत. साधा पाठवलेला फोटो वाटेतच आकसतो. वृत्तपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि सावल्या बुजतात, म्हणून सावलीतले तपशील थोडे उजळून पाठवा अशी ओळ सूचनेत असली तर कितीतरी चांगले फोटो काळवंडण्यापासून वाचतील.

पहिल्या खेपेला विषय हवा असेल तर घरातला स्टीलचा तांब्या सुचवतो. खिडकीपाशी, विजेचे दिवे बंद, सकाळची किंवा सायंकाळची सावलीतली खिडकी, थेट ऊन नको. स्टीलमध्ये अख्खी खोली उमटते, काढणाऱ्याच्या शर्टासकट, म्हणून गडद कपडे घालावेत आणि मागचे पडदे ओढावेत. खिडकीच्या विरुद्ध बाजूला एक हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा केला की काळी बाजू उजळते. पुठ्ठा जवळ नेत जावा आणि तांब्याचा काठ पार्श्वभूमीपासून सुटतो तिथे थांबावे. काळा पुठ्ठा ठेवला तर उलट, कडेला एक गडद रेघ येते आणि गोलाई उठते. झूम न करता, तांब्या न हलवता, फक्त स्वतः सरकून १२ फोटो काढावेत. त्यांतला एक निवडलेला आणि एक नाकारलेला असे दोन आपल्याकडे पाठवावेत, सोबत अंतर, उंची, वेळ आणि एक वाक्य.

आपले,
हौशी छायाचित्रकारांना शिकवणारे काही जण,
पुणे